शिवलेला ओठ

अहो तिकडं नगा बसू महालिंगआप्पा, तिकडं ऊन आलंय — हिकडं या, ह्या पोत्याला टेका, करडईचं पोतं हाय, टोचायचं न्हाई. हां, असं. लेकराच्या तोंडावर ऊन यायलं म्हणून म्हणलं. आन् सारखं पाया नगा पडू राव, आल्या आल्या शरणार्थ केलात, बास झालं की — मी काय मठाचा स्वामी हाय का? पिंगळीच्या टेशनासमोरचा दुकानदार मी, मीठ-मिरची इकणारा. सोनपेठहून गंगाखेड गाडीबैलानं, तिथून आगीनगाडी, आन् हितं उतरून सिद्धलिंगआप्पाचं दुकान कुठं म्हणून इचारत आलाव — एवढ्या लांब, एवढ्या उन्हात, पाच महिन्याची लेक घेऊन! कुणी धाडलं तुमाला? — मठातल्या लोकांनी? काय म्हणले? — व्हय, तेच. सारे तेच सांगतेत. ज्यानं गळ्यातलं लिंग न काढता लेकीचा ओठ शिवून आणला तो सिद्धलिंगआप्पा. ते सांगतो मागून. आधी दम खावा. हैदराबादची गाडी साडेअकराला हाय, लय येळ हाय अजून.

फडकं काढा की लेकराच्या तोंडावरचं. माझ्यापुढं कशाला झाकायलाव? अकरा वर्सं मीबी असंच फडकं टाकत होतो... हं. बघू. लाज वाटू देऊ नगा. हां — ओठ पार नाकापस्तोर गेलाय, आन् टाळूबी उघडा हाय म्हणा की. माझ्या चन्नूचा नुसता ओठ होता, टाळू शाबूत होता. हिचं काम मोठं हाय, तुमाला खोटं कामून सांगू? दूध कसं पाजता? — कापसाच्या बोळ्यानं. आन् नाकातून परत येतंय. खोकती का रातच्याला? — मग ते दूध छातीत जायलंय. ते लय वाईट. ते... ते असू द्या. नाव काय ठेवलं? बसम्मा. चांगलं हाय. आन् घरी सगळे बायकोला बोलायलेत की, चंद्राला गिराण लागलेलं असताना भाजी चिरली म्हणून लेकरू असं झालं? आमच्या घरीबी तेच. माझी माय मरेपस्तोर नागुबाईला बोलत होती, तू गिराणात सुपारी फोडली, तू फोडली. ती बिचारी म्हणायची, मी फोडली न्हाई, मी झोपून होते — आन् मग म्हणायली, फोडली असंन, मला आठवत न्हाई. अकरा वर्सं रोज कानावर पडलं तर माणूस न केलेलंबी कबूल करतंय.

चन्नू! ए चन्नू! बाहीर ये बाई, पाहुणे आलेत सोनपेठचे. दूध आण पेलाभर. — सोनपेठचे म्हणल्यावर लाजायली बघा. तुमच्याच गावात दिलीय तिला, ठावं हाय ना? व्हय, मठाच्या गल्लीत, आडत्याच्या घरी. तुमच्या घरापून किती घरं? — चारच! मग तर तुमी सोयरेच झालाव की आमचे. बारा दिवसांवर लग्न आलंय. नागुबाई मानवतला गेलीय लुगडी बघायला. — ये, ये माय. हे महालिंगआप्पा. वर बघ जरा. आता बघा तुमी, नीट बघा, उजेडात बघा — कुठं शिवण दिसती का? ही एवढी रेघ. जवारीच्या दाण्यावरती असती तेवढी. ती बी सांगितलं म्हणून दिसली. बोल की काहीतरी बाई. 'बाबा' म्हण, 'पाप' म्हण. — न्हाई म्हणत! हसायली! अहो ती हसली हेच मला पुरंय. बरं बरं, जा, आडावर जायची होतीस ना, जा. घागरी सावकाश आण, घाई न्हाई. आन् पूजेचं पाणी काढून ठेव, पाहुणे गेले की मीबी बसतोच पूजेला. — घ्या महालिंगआप्पा, दूध घ्या. गूळ टाकलाय तिनं.

गेली का? गेली. — फायदा इचारत होताव ना? हाच. दुसरा काय सांगू? पहिली ती कशी होती ठावं हाय? झंपराच्या बाहीत तोंड घालून बसायची. एक बाही कायम वली. बोलली की हवा फुसकन जायची ओठाच्या फटीतून, पोरं मागं लागायची, चिडवायची — ती बोलणंच सोडून दिली. आठ वर्सांची झाली तवापून मायपाशी न्हाई, माझ्यापाशी न्हाई. फकस्त सकाळी पूजेला बसली की — डाव्या तळहातावर लिंग घ्यायची, इभूत लावायची, बेल वाहायची, आन् मग हळूच बोलायची त्याच्याशी. मी कवाडाआडून ऐकायचो. काय बोलायची? कायबी. आज मला ह्यानं असं म्हणलं, कोंबडीनं अंडं दिलं, आप्पा रागावले. फुस फुस करत, न लाजता. तळहाताएवढ्या जागेत तिचं सारं गणगोत होतं. पाचव्या दिवशी जंगमानं बांधलेलं ते, चांदीच्या इतक्याशा डबीत, चिंचोक्यावाणी डबी. ती डबी म्हंजे तिची सखी म्हणा, माय म्हणा... ते जाऊ द्या. आता बोलती सगळ्यांशी. गिऱ्हाइकाला हिशेब सांगती. तिला बघायला आले तवा सोयऱ्यांनी नाव इचारलं, तर अख्खं नाव सांगितलं तिनं, चन्नबसम्मा, 'ब' आला आन् 'म्मा' बी आला. मी आत जाऊन रडलो. घ्या की दूध.

आता खतरा म्हणता तर तेबी ऐका, मी लपवायचो न्हाई. पहिलं म्हंजे तो राजीनामा, मंजुरीचा कागद. उर्दूत असतोय, कारकून वाचून दाखवतोय — लेकीच्या जिवाला कमीजास्त झालं तर दवाखाना जिम्मेदार न्हाई, मला मंजूर, खाली दस्तखत. दुसरं, ते गुंगीचं औषध. नाकावर फडकं धरतेत, गोड गोड वास येतोय, लेकरू हातपाय झाडतंय आन् मग एकदम ढिलं पडतंय. तेवढं बघू नगा, बाहीर जावा. काही लेकरं उठत न्हाईत त्यातून. आमच्या बाजूच्या खाटंवर नांदेडकडचं एक होतं, सकाळी खेळत होतं चमच्यासंगं... खाट रिकामी झाली दुपारी. तिसरं, टाके. ओठाच्या दोन्ही कडा कापून ताज्या करतेत, तवाच त्या एकमेकीला धरतेत — हे डाक्टरनं मला कागदावर रेघा मारून दाखवलं. पर लेकरू रडलं, हसलं, बोट घातलं की टाके तुटतेत, आन् मग पहिल्यापरीस भोंगळ होतंय, मास कमी उरतंय ना. म्हणून कोपराला कामट्या बांधतेत, हात वाकूच नये. धा दिवस चमच्यानं दूध. रडू द्यायचं न्हाई. पाच महिन्याच्या लेकराला रडू द्यायचं न्हाई म्हंजे तुमीच इचार करा. आन् हिचा टाळू आत्ता करत न्हाईत, ओठ आत्ता, टाळू दीड वर्साची झाल्यावर. दोन खेपा. हे सगळं डोळ्याखालून घाला आन् मग गाडीत बसा. पर बसा. ओठ जुळला की दूध धरंल ती. मी म्हणतो बसाच.

काय? — व्हय, सांगतो म्हणलो ना ते. लिंगाचं. तेवढंच इचारायला आलाव तुमी, मला ठावं हाय. मला सगळे तेच इचारतेत, ओठाचं कुणी इचारत न्हाई. तर काय झालं, डाक्टर म्हणला, पोरीच्या गळ्यातलं काढा. गळ्याभवती दोरा नगं, गुंगीत दम कोंडतो, आन् रक्ता-पाण्याचं काम, कापड-धागा काही ऱ्हाऊ देत न्हाई आमी. मी म्हणलो — साहेब, मान कापा म्हणलो, पर दोऱ्याला हात लावू नगा. आमच्यात जन्मल्यापून मरेपस्तोर ते अंगावरून उतरत न्हाई. उतरलं तर माणूस आन् मुडदा सारखाच. असं ठणकावलं! अख्खा दवाखाना गोळा झाला. मग डाक्टरनं डोक्यावरची टोपी काढली आन् म्हणला, ठीक हाय, ऱ्हाऊ द्या. आन् दोऱ्यासगट, डबीसगट शिवलं की ओठ. आल्यावर मठात माझा सत्कार झाला, नारळ दिला, शाल दिली. गेल्या साली विश्वस्तात घेतलं. — काय म्हणलाव? कोणत्या भाषेत बोललो? मराठीत. — न्हाई, डाक्टर गोरा होता, त्याला कुठली मराठी. कंपोंडर होता मधी, उमरीकडचा, तो सांगायचा हिकडचं तिकडं. — टोपी? व्हय, आत टोपी कामून असंल... कापडाची असती ती, पांढरी. ती काढली. का हात जोडले? बसवंतरावाला सांगितलं तवा मी, डाक्टरनं हात जोडले, असं म्हणलो होतो वाटतं.

कोण बसवंतराव? कुणी न्हाई. असंच एक गिऱ्हाईक. दूध निवलं बघा तुमचं.

आहो, आहो, रडायलाव कामून? — न्हाई, तुमी असे पाया नगा पडू, उठा, लेकरू दबंल! काय म्हणता? तुमीबी तसंच सांगताल? 'सिद्धलिंगआप्पाच्या लेकीला ऱ्हाऊ दिलं मग माझ्या लेकीला कामून न्हाई' म्हणून इचारताल डाक्टरला? आन् न्हाई ऐकलं तर? — तर परत येताल. लेकरू मेलं तरी चालंल पर लिंग उतरू देणार न्हाई, तुमच्यावाणी छाती करीन म्हणता. तुमच्यावाणी. माझ्यावाणी. — बसा खाली. महालिंगआप्पा, बसा म्हणतो ना! किती वाजले? सिग्नल पडला का? न्हाई अजून. बसा.

बसवंतराव पाथरीकडचा. गेल्या साली, दसऱ्याच्या टायमाला, असाच आला होता, ह्याच पोत्याला टेकून बसला होता. त्याचा पोरगा चार महिन्याचा, ओठ आन् टाळू, हिच्यावाणीच. त्यानंबी तेच इचारलं आन् मीबी तेच सांगितलं, मान कापा म्हणलो, ठणकावलं म्हणलो. तो खूश होऊन गेला. आठ दिवसांनी परत आला. लेकरू तसंच. मी म्हणलो, काय झालं? तर म्हणला, आप्पा, डाक्टर लय चांगला माणूस हाय, लय समजावलं त्यानं, घंटाभर काढून ठेवा, शिवून झालं की बांधा म्हणला. पर मी तुमचं नाव घेतलं आन् हाटलो न्हाई. आणलं पोरगं माघारी. लिंग उतरू दिलं न्हाई. असा ताठ उभा होता सांगताना. मी काय म्हणलो ठावं हाय? म्हणलो — शाब्बास. ह्या तोंडानं शाब्बास म्हणलो मी त्याला. पुसाच्या महिन्यात पोराच्या छातीत दूध उतरलं. तिसऱ्या दिवशी... आन् तो तवाबी मला दोष देत न्हाई! म्हणतो, आप्पा, तुमची पुण्याई मोठी म्हणून तुमचं डाक्टरनं ऐकलं, आमची कमी पडली. हितं बसून म्हणला. मी मीठ मापत होतो. तसंच मापत ऱ्हायलो.

डाक्टरनं माझं ऐकलं न्हाई, महालिंगआप्पा. कुणाचंच ऐकत न्हाईत ते, आन् त्यांचं बराबर हाय. मी स्वता काढलं. ह्या हातांनी. चन्नूला गुंगी चढली, आन् कंपोंडर म्हणला, तुमीच काढा, आमी हात लावत न्हाई — तेवढी कदर केली त्यानं. मी गाठ सोडली. अकरा वर्सांत पहिल्यांदा तिचा गळा मोकळा बघितला. दोऱ्याचा पांढरा वळ होता. मी बाहीर आलो. मागच्या अंगाला बेलाचं झाड हाय तिथं, मोठं, त्याच्या बुडाशी बसलो लिंग तळहातावर घेऊन. खाली ठेवता येत न्हाई, खिशात टाकता येत न्हाई, पाणी प्यायलाबी उठलो न्हाई. — व्हय, माझ्या गळ्यात घालायचं सुचलं होतं की, न्हाई कसं? पर एका गळ्यात दोन लिंगं चालतेत का, कुणाला इचारू? आपलं कोण होतं तिथं? जंगमाला इचारून गेलो असतो तर जाऊच दिलं नसतं. म्हणून न इचारता गेलो, आन् म्हणून काहीच ठावं न्हाई. घंटा झाला, दीड झाला. आन् कंपोंडर पळत आला — पोरीचा बाप कोण, चला, चला लवकर, दम अडकलाय! आता सांगा, काय करावं? आत रक्त, आत चामड्याचे जोडे, सडक्या दवाईचा वास — तिथं ते घेऊन शिरू? वर बघितलं तर बेल. महादेवाचं झाड. ह्याच्यापरीस भरवशाची जागा कोणती? फांदीला दोरा बांधला, दोन गाठी मारल्या, म्हणलो, तुझं तू सांभाळ, मी माझं लेकरू बघतो. आन् पळालो.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं का? दुसऱ्यानं खिशात टाकलं असतं आन् वाचलं असतं.

चन्नू आली शुद्धीवर. पाठीत थापट्या मारल्या, उलटी धरली, रक्त काढलं तोंडातलं, आला दम. म्या देवाचं नाव घेत बाहीर आलो — आन् फांदीला दोऱ्याचं टोक तेवढं. कापलेलं. डबी न्हाई. चांदी चमकली असंल कुणाला तरी. झाडाखाली शोधलं, गटारीत हात घातले, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाया पडलो. चांदी ठेवा, आतलं द्या म्हणलो. लोक म्हणले, बुढ्ढा पागल हो गया. आन् तिकडून कंपोंडर हाका मारायलाय, पोरगी हात टाकायली, धरा. गेलो तर — तोंडाला पट्ट्या, डोळे मिटलेले, आन् हात गळ्यापाशी चाचपायलाय. हिकडं, तिकडं, उशीखाली. रडायचं न्हाई म्हणलेलं डाक्टरनं. रडली की टाके तुटणार. माझ्या डोळ्यांदेखत ओठ थरथरायला लागला पट्टीखाली. मी इचार केला न्हाई, महालिंगआप्पा. इचार केला असता तर झालं नसतं. माझ्या गळ्यातलं काढलं आन् तिच्या गळ्यात बांधलं.

माझं. आठेचाळीस वर्सं माझ्या अंगावर असलेलं. — तिनं मुठीत धरलं. लय येळ चाचपलं. डबी मोठी ना माझी. डोळे उघडून बघितलं माझ्याकडं. मी म्हणलो, जुन्या डबीची कडी तुटली बाई, नवी घेतली. तिनं डोळे मिटले. ओठ थांबला थरथरायचा. झालं. टाके ऱ्हायले. धा दिवसांनी बोलायला लागली, पर त्याचं कवाच काही इचारलं न्हाई. आजवर न्हाई. पूजेला आमी दोघं शेजारी बसतो, बेल ती माझ्या हाती देती, पर माझ्या तळहाताकडं कवा बघत न्हाई. मान खाली. कामून बघत नसंल? लाजत असंल. मोठी झाली आता.

माझ्या हातावर काय असतंय म्हणता? हे बघा. बघा की, मागं कामून सरायलाव? खडा हाय. त्या बेलाच्या बुडातला खडा. त्याला काजळी लावली, इभूत लावली, डबी घेतली. सा वर्सं झाली. त्याला आंघोळ घालतो, फूल वाहतो, तुमच्या मठात पयल्या पंगतीत बसून जेवतो, लोकांच्या लेकरांना आशीर्वाद देतो — ज्याच्या अंगावर लिंग न्हाई असा माणूस. स्वामीला सांगितलं असतं तर नवं दिलं असतं की न्हाई? दिलं असतं, दंड सांगितला असता, प्रायश्चित्त सांगितलं असतं — पर आधी इचारलं असतं, जुनं कुठं गेलं? मग चन्नूचं निघालं असतं. तिचं लिंग चोरीला गेलं, बापाचं उतरवलेलं गळ्यात हाय, मधल्या घंटाभर ती मोकळ्या गळ्यानं होती. कोण करून घेतंय अशी सून? म्हणून मी बोललो न्हाई. आन् न बोलता बोलता ती टोपीची गोष्ट कधी तयार झाली मलाच कळलं न्हाई. आधी नुसतं 'ऱ्हाऊ दिलं' म्हणलो होतो. मग लोकांनी इचारलं, कसं काय ऱ्हाऊ दिलं? मग ठणकावलं म्हणावं लागलं. उद्या मेलो तर डाव्या हातावर हा खडा ठेवून बसवून पुरतेल मला, आन् वर म्हणतेल, मोठा शिवभक्त होता.

आता तुमच्या हाती हाय बघा सारं. तुमचं घर आन् सोयऱ्याचं घर, मधी चार घरं. एक शबूद बोललाव तर बारा दिवसांनी हितं मांडव न्हाई. ते मला ठावं असून सांगितलं. बसवंतरावाला सांगायचं होतं ते तुमाला सांगितलं. तवा ऐका — दवाखान्यात भांडू नगा. काढा म्हणले की काढा. तुमच्या हातानं काढा. पर झाडाला बांधू नगा, खिशात नगा, कुणाजवळ देऊ नगा — तुमच्या गळ्यात घाला, तुमच्या लिंगाशेजारी. चालतंय का न्हाई मला ठावं न्हाई, लेकराचं बापाच्या अंगावर असंल तर महादेव काही म्हणत असंल असं मला वाटत न्हाई. जे काय पाप लागंल ते माझ्या नावावर टाका, हितं आधीचंच ढीगभर हाय. लेक शुद्धीवर यायच्या आत बांधा. एवढंच. घ्या, दूध घ्या आता, गाडीचा टाइम झाला.

घ्या ना.

...हां. न्हाई घेत. घेतलं न्हाई तुमी मघापूनच, मी सारखं घ्या घ्या म्हणायलो. मघाशी गरम होतं म्हणून घेतलं न्हाई, आता... बराबर हाय तुमचं. ज्याच्या अंगावर लिंग न्हाई त्याच्या घरचं पाणी घ्यायचं न्हाई. मीच शिकवलंय हे किती जणांना. न्हाई, राग न्हाई मला. उठा तुमी. — पर महालिंगआप्पा, एक सांगू? मी शिवलो न्हाई त्या पेल्याला. चन्नूनं तापवलं, चन्नूनं आणलं, चन्नूनं ठेवलं. तिच्या गळ्यात हाय. माझं का असंना, खरं हाय ते. तुमी नगा पिऊ, लेकराला पाजा. लांबचा पल्ला हाय, पूर्णेपस्तोर दूध मिळायचं न्हाई. बसम्माच्या गळ्यात तिचं हाय ना? मग तिला काय इटाळ? कापूस हाय हितं, हा घ्या — न्हाई, मी देत न्हाई हातात, तुमीच उचला, त्या फळीवरचा.

पाजा. थोडं थोडं. मान उंच धरा, नाकात जाईल. — हां. धरायली बघा. भुकेजली होती.

बास, सिग्नल पडला. निघा. फडकं झाका, कोळशाची धूळ येती. तिकीट हाय ना? हैदराबादचीच ना? — परभणीची गाडी पलीकडच्या अंगाला लागती, ही अलीकडची. अलीकडची, महालिंगआप्पा. — हां. अलीकडंच. जावा.

शरणार्थ केलं न्हाई. केलं न्हाई तेच बरं.

आलीस का माय? ठेव, घागर ठेव, कंबर मोडंल. — पाहुणे? गेले. बसले गाडीत, मी बघितलं ना हितून, लेकराला घेऊन बसले. — दूध? अर्धं लेकरानं पिलं. त्यांनी कामून न्हाई? त्यांना... त्यांना उपास होता, बाई. सोनपेठचे लोक करतेत आज. — अशी काय बघायलीस माझ्याकडं? कवाची उभी होतीस तू त्या कुडामागं? घागर तर भरली न्हाई तुझी, रिकामीच हाय की. — बरं. न्हाई इचारत. तू बी इचारू नगंस. पेला उचल. पाणी काढलंस पूजेला? दोन्ही पाट मांडलेस? मांड. तू म्होरं हो, चन्नू. जा म्हणलं ना. मी दुकानाचं कवाड लावून येतो.